मंत्रचळ : समजूत घालून वाढणारा आजार

हात पुन:पुन्हा धुणे, कुलूप पाहायला अर्ध्या वाटेवरून परतणे, गॅसचे बटण दहादा चाचपणे, याला आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात. डॉक्टरी भाषेत ओसीडी. घरची माणसे एकतर चिडतात, नाहीतर समजूत घालतात. माझ्या मते दोन्हींनी आजार बळावतो.

कपाळामागचा मेंदूचा भाग ‘काहीतरी चुकले’ अशी सूचना देतो. एरवी काम झाले की ती थांबते. मंत्रचळात मेंदूच्या आतल्या केंद्रांशी तिचा फेरा सुरूच राहतो. हात स्वच्छ आहे हे बुद्धीला पटते, पण धास्ती आणि किळस ओसरत नाही. पुन्हा धुतल्यावर घटकाभर बरे वाटते आणि तिथेच घात होतो. धुतले म्हणून वाचलो, असा धडा मेंदू घेतो. पुढची भीती अधिक जोराने येते.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंना वाटे, आपल्या हातून तान्ह्या बाळाला इजा होईल. त्यांनी विळी माळ्यावर टाकली होती. अपराधीपणाने सहा महिने त्या कोणाशी बोलल्या नाहीत. (असे विचार आईच्या मनाविरुद्ध येतात, म्हणूनच ती इतकी हादरते.) पुढे त्या यजमानांना दिवसातून वीसदा विचारीत, ‘मी असं काही करणार नाही ना?’ ते बिचारे प्रेमाने ‘नाही गं’ म्हणत. हे ‘नाही गं’ म्हणजेही हात धुणेच!

१९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी रुग्णांना भीतीला सामोरे नेले, पण धुण्यापासून रोखले. भीती आपोआप उतरू लागली. १९९२ मध्ये लॉस एंजेलिसच्या बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी मेंदूची छायाचित्रे घेतली. गोळ्यांनी सुधारलेल्यांत आणि या वर्तनोपचाराने सुधारलेल्यांत मेंदूच्या एकाच केंद्राची धावपळ कमी झालेली दिसली. गोळ्यांचा गुण यायला मात्र ८ ते १२ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत बंद करू नका.

त्या यजमानांना मी उत्तर बदलायला सांगितले, तेही बाईंशी आधी ठरवून : ‘तुला भीती वाटतेय, मी इथेच बसतो. पण उत्तर देणार नाही.’ पहिले आठ दिवस दोघांनाही जड गेले. महिन्याभराने विळी खाली आली.

कोणाकडे जावे हे कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते.