अठरा पूर्ण झाली, आता पुढे?

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाला अठरा वर्षे पूर्ण झाली आणि त्याच्या शाळेतून निरोप आला, ‘मुलाचे वय झाले, सामान घेऊन जावे.’ तालुक्याच्या गावी असलेल्या त्या निवासी शाळेत तो दहा वर्षे होता. शाळेच्या पाटीवर पूर्वी ‘मतिमंद’ असा शब्द होता, आता तो बदलला आहे. एक पत्र्याची पेटी, दोन चादरी आणि त्याने स्वतः केलेल्या सहा मेणबत्त्या घेऊन वडील त्याला एसटीने घरी घेऊन आले.

मी बारावी झाले तेव्हा घरात केवढी चर्चा झाली होती! आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिलीच. कोणती शाखा, राहायचे कुठे, यासाठी मामा मुद्दाम दोन दिवस येऊन राहिले. भावाच्या वेळी कुणी काही विचारलेच नाही. आई एवढेच म्हणाली, “आता घरीच राहील बिचारा. आम्ही आहोत तोवर बघू, मग तू आहेसच.” या ‘तू आहेसच’मध्ये माझी नोकरी, माझे लग्न, माझे सासर यांपैकी काहीच धरलेले नव्हते. मला राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

मित्रमैत्रिणींनो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अशा मुलांना सहा ते अठरा वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पुढे उच्च शिक्षणात ५ टक्के आणि सरकारी नोकरीत ४ टक्के जागा राखीव आहेत. पण जो अजून सही गिरवतो आहे, त्याच्यापर्यंत हे टक्के कसे पोचावेत? उलट बँकेत आम्हाला विचारले, “मुलगा सज्ञान झाला, आता त्याच्या वतीने सही कोण करणार?” १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करून अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. दहा वर्षांत, दर पालकसभेला जाणाऱ्या माझ्या वडिलांना हे कुणीही सांगितले नाही.

मेणबत्त्यांविषयी थोडे लिहिते. त्या चांगल्याच होत्या. पण आमच्या गावात मेणबत्ती लागते ती वीज गेल्यावर, आणि ती दुकानात मिळते. गावात चालते ती डेअरी. भाऊ आता रोज पहाटे तिथे जाऊन किटल्या ओळीने लावतो. कोणती किटली कोणाची, हे त्याला नुसत्या झाकणावरून कळते. हे त्याला कुणी शिकवलेले नाही. तो चौदा वर्षांचा असताना शाळेने आम्हाला बोलावून एवढेच विचारले असते, की हा पुढे राहणार कुठे, तिथे कोणती कामे असतात, आणि याला स्वतःला काय आवडते, तर त्याला आकडे लिहिणे, नोटा ओळखणे, एकट्याने एसटीत बसणे शिकवता आले असते. चार वर्षे हाताशी होती. डेअरीवाले काका त्याला चहा देतात, पैसे देत नाहीत. आम्हीही मागितले नाहीत. मागायला हवेत, असे मला आता वाटते.

हे काही अशक्य कोटीतले नाही. अमेरिकेत शाळा सुटल्यानंतरच्या आयुष्याची तयारी विद्यार्थ्याच्या आराखड्यात घालण्याचे बंधन १९९० पासून शाळेवर आहे. इंग्लंडमध्ये नववीच्या वर्षापासून ही बोलणी सुरू करावी लागतात, आणि २०१४ च्या कायद्याने गरजेप्रमाणे पंचविसाव्या वर्षापर्यंत आधार देता येतो. आपल्याकडे तेवढा पैसा नाही, असे कुणी म्हणेल. पालकांना बोलावून तीन प्रश्न विचारायला कितीसा पैसा लागतो?

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी सात दिवस एखाद्या खेड्यात असते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो (पुढच्या वर्षी तिथेच पुन्हा खड्डे काढतो, ते असो). त्याच गावात अशी मुले असलेली घरे असतात. त्यांचे प्रमाणपत्र, पेन्शन, पालकत्वाचा अर्ज, ही कामे बी.ए.च्या मुलामुलींना सहज जमतील. प्राध्यापकांनी यावर विचार करावा, ही विनंती.

आमचा अर्ज मी भरते आहे. पालक म्हणून नाव कुणाचे घालायचे, यावर घरात अजून एकमत नाही. शेवटी मी भावालाच विचारले. त्याने माझे नाव घेतले नाही, डेअरीवाल्या काकांचे घेतले.