हवा मोजायची तर बसमध्ये मोजा

आज शहराची हवा कशी आहे, हे सकाळी मोबाइलवर कळतं. तो आकडा देणारं यंत्र कुठल्यातरी गच्चीवर नाहीतर आवारात उभं असतं. आपण मात्र रोजचा तास-दीड तास सिग्नलला, पुढच्या ट्रकच्या धुरात काढतो. मुंबई-पुण्याच्या पालिकांनी बसच्या आत हवा मोजणारी यंत्रं बसवावीत, अशी मागणी आहे. त्यामागचे मुद्दे असे :

१. मोटारीच्या काचा बंद केल्या म्हणजे सुटलो, असं नाही. एसीशेजारी गाडीचं चित्र आणि आत वळलेला बाण असलेलं बटण असतं. ते दाबलं की बाहेरची काजळी आत येणं बरंच कमी होतं. पण चार जणांचा उच्छ्वास आतच फिरत राहतो. बाहेर साधारण ४२० पीपीएम असलेला कार्बन डायऑक्साइड अर्ध्या तासात २००० च्या पुढे जातो. चालकाला जांभया येतात आणि दोष दुपारच्या जेवणाला जातो! बटण बंद केलं, तर पुढच्या टेम्पोचा धूर थेट आत. दोन्ही आलटून-पालटून करावं हे खरं, पण किती वेळाने? मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

२. वाहनांच्या पीयूसी (प्रदूषण नियंत्रण) चाचणीचा इथे उपयोग नाही. ती उभ्या गाडीच्या नळीतून काय बाहेर पडतं ते तपासते, तेही मोजक्याच घटकांपुरतं. आत बसलेल्याच्या छातीत काय जातं, हा तिचा विषयच नाही.

३. एवढी यंत्रं फिरवायची कशी, असं विचारतील. उत्तर समुद्रात आहे. ॲलिस्टर हार्डी या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये समुद्रातले सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक, नियमित मोजायला सुरुवात केली. त्यासाठी संशोधन-जहाजांचा ताफा उभारला नाही. नेहमीच्या मार्गावरच्या मालवाहू जहाजांमागे दोरखंडाने एक पेटी सोडली. ही पेटी पाण्याखाली सात ते दहा मीटरवरून ओढली जाते. पाण्याच्या जोराने तिचा पंखा फिरतो, रेशमी जाळीची पट्टी हळूहळू पुढे सरकते, तिच्यावर प्लवक अडकतात आणि पट्टी फॉर्मेलिनमध्ये गुंडाळली जाते. बंदरात ती उलगडून दर दहा सागरी मैलांचा एक तुकडा तपासतात. रेशीम किती हिरवं झालंय, यालाही गुण! जहाज आपल्या धंद्याला जातं, मोजणी जाता जाता होते. आपल्याकडे ठरलेल्या मार्गावर दिवसभर धावणाऱ्या मुंबईच्या बेस्ट आणि पुण्याच्या पीएमपी बस आहेतच.

४. नुसती सरासरी ठेवून कच्च्या नोंदी पुसू नयेत. हार्डींच्या उपक्रमातल्या जुन्या पट्ट्या जपून ठेवल्या होत्या. २००४ मध्ये प्लिमथच्या रिचर्ड थॉम्प्सन यांनी त्या पुन्हा तपासल्या, तर १९६० च्या दशकापासूनच्या नमुन्यांत प्लास्टिकचे सूक्ष्म धागे सापडले आणि पुढच्या दशकांत ते वाढत गेलेले दिसले. पट्ट्या जमवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही प्लास्टिक नव्हतं. कोणत्या चौकात, किती वाजता, दारं उघडी की बंद, हे सगळं राहू द्यावं आणि लोकांना खुलं असावं.

५. सुरुवात बसनेच का? गाडीवाल्याला निदान काच वर करता येते. साध्या बसमधल्या उभ्या प्रवाशाला आणि रिक्षावाल्याला तीही सोय नाही.

६. स्वस्त सेन्सरवर आंधळा विश्वास नको. पावसाळी दमट हवेत ते धूलिकणांचा आकडा फुगवतात. म्हणून प्रत्येक बस ठरावीक दिवसांनी सरकारी केंद्राशेजारी उभी करून ताळा घ्यावा. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याची फीत कोणी कापत नाही. हार्डींचा उपक्रमही १९८० च्या दशकात बंद पडण्याच्या बेतात आला होता. तेव्हा निविदेत खरेदीसोबत पुढच्या दहा वर्षांच्या देखभालीचे पैसेही आधीच बाजूला काढलेले हवेत.