सुट्या भागांची गिटार

सुटे भाग मागवून घरी जुळवलेल्या गिटारीला 'स्वतः घडवलेली' म्हणावे काय, यावर आमच्या अध्यापक-कक्षात अलीकडे बराच खल झाला. निमित्त कबनूरच्या एका विद्यार्थ्याचे. यंत्रमागांच्या खडखडाटात राहून या मुलाने अशी गिटार जुळवली आणि आमच्यातील काहींनी 'ही जुळवाजुळव, निर्मिती नव्हे' असा निकाल दिला. तो निकाल आम्हांला मान्य नाही.

खोक्यात पुष्कळ काही तयार येते, हे खरेच. बाजूच्या पट्ट्या उष्णतेने वाकवलेल्या, दांडी कोरलेली, पडद्यांच्या खाचा गणिताने पाडलेल्या. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर. तिथे हौशी माणसाला मत नाही. पण तबलीला आतून चिकटवायच्या पट्ट्या किती तासायच्या, हे मात्र त्यालाच ठरवावे लागते. तबली जेमतेम तीन मिलिमीटरची आणि सहा पोलादी तारांचा ताण सुमारे सत्तर किलोंचा. पट्ट्या जाड राहिल्या तर आवाज कोंडतो, फार तासल्या तर तबली फुगते. घोडीही हिशेबापेक्षा किंचित मागे बसवावी लागते, कारण दाबताना तार ताणली जाऊन स्वर चढतो. या जागी सूचनापत्रिका संपते आणि बोटाने टिचकी मारून ऐकणे सुरू होते.

कबनूरपासून तासाभराच्या वाटेवरचे मिरज या वादात कुणाला आठवू नये, याचे आम्हांला नवल वाटते. तिथल्या तंतुवाद्यांचा उगम शिकलगारांकडे, म्हणजे शस्त्रांना धार देणाऱ्यांकडे जातो. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी आरंभ केला तो दुसऱ्यांच्या वाद्यांच्या दुरुस्तीने, असे परंपरा सांगते. म्हणजे आधी जुळवाजुळवच! पुढे त्याच हातांच्या वारसांनी भोपळ्याचे तंबोरे देशभर पोहोचवले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

अर्थात मिरजेचा कारागीर आणि आमचा विद्यार्थी यांना एका पंक्तीत बसवण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे; तंबोऱ्याला तर पडदेच नाहीत. तंबोऱ्याची जवारी लावणारा घोडीचा माथा कानाच्या हुकमाने घासतो आणि तारेखाली सुताचा धागा सरकवत नादाची नेमकी जागा शोधतो. ती विद्या खोक्यात भरून पाठवता येत नाही. (सुताच्या गावातल्या मुलाला हा धागा तरी परका वाटू नये.) पण ती विद्या काय आहे, हे ज्याने एकदा स्वतः तबली तासली त्यालाच कळेल, आमच्यासारख्या केवळ श्रोत्यांना नव्हे.

आणि आम्ही तरी काय करतो? 'घराणे', 'रियाज', 'नादमाधुर्य' हे शब्द समीक्षेत सढळपणे वापरतो. वाद्य घडवणाऱ्याला मात्र 'कारागीर' म्हणून दाराबाहेर उभे करतो. वृत्तांची लक्षणे विद्यार्थी घडाघडा म्हणतात, गण पाडतात. पण भुजंगप्रयातात स्वतःची एक ओळ बसवायला त्यांना कुणी सांगत नाही. ती ओळ सामान्यच निघेल. तरीही अक्षर कुठे अडते, यतीसाठी कोणता आवडता शब्द टाकावा लागतो, हे बसवणाऱ्यालाच उमगते.

या सत्रात लक्षणांच्या आधी विद्यार्थ्यांना चार ओळी जुळवायला द्याव्यात, असा प्रस्ताव आम्ही विभागापुढे ठेवला आहे. पहिलीच शंका आली ती या ओळींना गुण किती, याची.