वकील बदलणे हा गुन्हा नव्हे



काट्यावर गाडी लागली की वजनाची पावती हातात पडल्याशिवाय आपण हलत नाही. कोर्टात मात्र तोच सभासद मुका होतो!

आमच्या गावच्या एका शेतकऱ्याचा पाय ट्रकच्या धडकेत गेला. नुकसानभरपाईचा दावा नाशिकला मोटार अपघात न्यायाधिकरणात लावला. तीन वर्षे वकीलसाहेबांचे एकच उत्तर, "बघू पुढच्या तारखेला." दुसरा वकील का देत नाहीस म्हटले, तर म्हणतो, "सगळे कागद त्यांच्यापाशी अडकलेत, काय करू?"

ही भीती मनातून काढून टाका. फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच दिला आहे. जुन्या वकिलाची ना-हरकत घ्यावी. ती मिळत नसेल तर कोर्टाची परवानगी मागून नवे वकीलपत्र दाखल करावे. झालेल्या कामाची रास्त फी मात्र चुकती करावी. भरपाईत टक्का मागणे बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

पण उठसूट वकील बदलू नये. तारीख लांबते ती दरवेळी वकिलामुळेच असे नाही. आधी ई-कोर्ट्सवर दाव्याची स्थिती पाहावी, मग वकिलांना लेखी विचारावे. तरी उत्तर नाही, तर खुशाल बदलावा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

वकील आपण नेमलेला असतो. त्याला विचारणे हा आपला हक्कच आहे.