परदेशचे शिक्षण आणि बिडकीनची मुले

पैठण रस्त्यावरील बिडकीन हे गाव गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगाच्या बाजारात मांडले गेले आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरसाठी छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यात शेंद्रा व बिडकीन येथे मिळून सुमारे दहा हजार एकर जमीन घेण्यात आली. तीपैकी जवळजवळ आठ हजार एकर एकट्या बिडकीन परिसरातील आहे. कापूस, तूर आणि मोसंबीची ही जमीन ‘ऑरिक’ या नावाने देशी-परदेशी भांडवलासाठी सज्ज करण्यात आली. २०२४ साली टोयोटा-किर्लोस्करच्या सुमारे वीस हजार कोटी रुपयांच्या प्रकल्पासाठी सामंजस्य करार झाला. येणाऱ्या भांडवलासाठी रस्ते, पाणी, वीज आणि सर्व परवाने एकाच खिडकीत देण्याची व्यवस्था सरकारने आधीच करून ठेवली होती.

याच गावचा एखादा पदवीधर मुलगा किंवा मुलगी उलट दिशेने निघते, एखाद्या परदेशी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेऊ इच्छिते, तेव्हा तिच्यासाठी कोणती खिडकी उघडी असते? भांडवलाच्या प्रवासाची चिंता वाहणारे शासन विद्यार्थ्याच्या प्रवासाची जबाबदारी घेत नाही, हे आजचे वास्तव आहे. परदेशी शिक्षण हा सधनांचा शौक आहे, आपल्या चळवळीचा त्याच्याशी काय संबंध, असे म्हणणारे कार्यकर्ते आमच्यातही आहेत. त्यांच्याशी आमचा मतभेद आहे, आणि तो स्पष्टपणे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम पैशाचा हिशेब पाहू. इंग्लंड-अमेरिकेतील एका वर्षाच्या अभ्यासक्रमाचा खर्च शुल्क, भाडे आणि पोटापाण्यासह कित्येक लाखांच्या घरात जातो. बँकांच्या प्रचलित योजनेत साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, त्यापुढे लागते. आणि बहुतेक बँका शेतजमीन तारण म्हणून स्वीकारत नाहीत; त्यांना शहरातील घर किंवा मुदतठेव हवी असते. ज्याची सारी मत्ता सात-बाराच्या उताऱ्यावर आहे, त्या शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: जमीन विकणे, किंवा सावकाराच्या ओट्यावर जाणे. संपादनाच्या मोबदल्यातून काही घरांनी मुलांना बाहेर धाडले असेल. पण तो पैसा एकदाच येतो, आणि भूमिहीन शेतमजुराच्या घरी तोही येत नाही.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीशुल्क नाही. समाजवादी विचाराने युरोपात जे काही पदरात पाडून घेतले, त्याचा हा एक अवशेष आहे. परंतु तेथेही व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात आधी भरावी लागते. २०२४ साली ती वर्षाला ११,९०४ युरो करण्यात आली. ज्ञानाचे दार मोकळे, पण उंबरठ्यावर ठेव मागणारा पहारेकरी उभा, अशी ही स्थिती आहे.

एवढे करून जो पोहोचतो, त्याचे दिवस कसे जातात? ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना विद्यार्थ्याला आठवड्यास वीस तासच काम करता येते. साहजिकच तो उपाहारगृहाच्या मोरीवर भांडी घासतो, गोदामात खोकी उचलतो, आणि रात्री प्रबंधाचा मजकूर लिहितो. शारीरिक श्रमात काहीही कमीपणा नाही. जयप्रकाश नारायण १९२२ साली अमेरिकेस गेले ते फळबागांत आणि फळे डबाबंद करण्याच्या कारखान्यात मजुरी करीतच शिकले. बर्कलेचे शुल्क परवडेनासे झाले तेव्हा ते आयोवाला गेले. विस्कॉन्सिनमध्ये त्यांनी मार्क्स वाचला, आणि १९२९ साली ते समाजवादी होऊन परतले. मजुरीने त्यांचे शिक्षण अडले नाही, उलट भरीव झाले. मात्र आजची स्थिती वेगळी आहे. आजच्या विद्यार्थ्याची मजुरी बऱ्याचदा गावाकडचे व्याज फेडण्यातच जाते, आणि ज्या ग्रंथालयासाठी त्याने समुद्र ओलांडला तेथे बसण्यास त्यास वेळ उरत नाही.

त्यात धोरणे पायांखालून सरकतात. अमेरिकेने २०२५ च्या मे महिन्यात विद्यार्थी-व्हिसाच्या नव्या मुलाखती काही आठवडे थांबविल्या, आणि नंतर अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील लिखाणाची झडती सुरू केली. ब्रिटनने त्याच वर्षी पदवीनंतर राहण्याची दोन वर्षांची मुभा २०२७ च्या प्रारंभापासून अठरा महिन्यांवर आणण्याचे ठरविले. श्रीमंताच्या मुलाला अशा निर्णयाने गैरसोय होते. कर्ज काढून गेलेल्याचे घर बुडते.

तरीही परदेशी विद्यापीठाचे मोल आम्ही कमी लेखत नाही. आमच्या महाविद्यालयांत गाइडे आणि नोट्स यांवर वाढलेल्या विद्यार्थ्याला तेथे पहिल्याच महिन्यात विचारले जाते, ‘हे पुस्तक काय म्हणते ते समजले, तुमचे म्हणणे काय?’ प्राध्यापकाचा प्रतिवाद करणे हा उर्मटपणा नसून अभ्यासाचा भाग आहे, हे कळायला त्याला काही आठवडे लागतात. दुसऱ्याचे वाक्य उगमाचा उल्लेख न करता घेणे ही चोरी ठरते, हेही तो तेथेच शिकतो. ही शिस्त बिडकीनच्या शाळेत आणि पैठणच्या महाविद्यालयात का मिळू नये, हा प्रश्न घेऊन तो परत आला, तर त्याचे जाणे सार्थकी लागले.

या प्रश्नाचा सर्वांत थोर दाखला महाराष्ट्राजवळच आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तर राहायला जागा मिळेना. न्यूयॉर्क-लंडनमध्ये ज्याला अस्पृश्यतेचा विसर पडला होता, त्याला मायदेशाने ती पहिल्याच दिवशी आठवून दिली. मुंबईत प्राध्यापकी करून साठविलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि एका मित्राचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. शिष्यवृत्ती तुटली म्हणजे काय होते, हे जाणणाऱ्या या माणसाने पुढे १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभारले. मराठवाड्यातील दलितांच्या कित्येक घरांत पहिला पदवीधर त्या महाविद्यालयाने दिला.

आता आजच्या शासनाची रीत पाहा. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या अवघ्या ७५ विद्यार्थ्यांसाठी आहे. २०२४ साली तिला ७५ टक्के गुणांची अट जोडण्यात आली; विद्यार्थी आणि संघटना उठल्यावर ती मागे घ्यावी लागली. मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण मिळविणारे आंबेडकर या अटीत बसले नसते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या २०२२ च्या नियमावलीने भारतीय संस्कृती, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. ज्याने कोलंबियात १९१६ साली भारतातील जातींवर निबंध वाचला आणि लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला, त्याचा अर्ज या नियमाखाली कोणत्या टोपलीत गेला असता? मिठावरील कराचा विषय घेऊन १९३३ साली बर्लिनमध्ये डॉक्टरेट मिळविणाऱ्या राममनोहर लोहियांचीही हीच गत झाली असती. दलित विद्यार्थ्याने परदेशी जाऊन यंत्र शिकावे, पण जातीविषयी प्रश्न विचारू नयेत, असा या नियमाचा अर्थ होतो. तो निव्वळ काटकसरीचा निर्णय नव्हे. त्यामागे भय आहे.

काटकसरही आहेच. २०२५ च्या जुलैमध्ये याच केंद्रीय योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी प्रथम फक्त ४० जणांना मंजुरीपत्रे देण्यात आली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाल्यास विचार होईल असे कळविण्यात आले. विद्यापीठाची जागा मिळालेली, सत्राची तारीख ठरलेली, आणि सरकार म्हणते, थांबा. हजारो कोटींच्या प्रकल्पांना सवलती देताना हा ‘उपलब्धते’चा शब्द कोणाच्या तोंडी येत नाही.

परदेशात गेल्याने जात सुटते, या समजातही आज फारसे तथ्य राहिलेले नाही. आंबेडकरांच्या काळी अमेरिकेत भारतीय मोजके होते. आज तेथे भारतीयांच्या वस्त्या आहेत, आणि त्यांच्यासोबत जातही विमानाने गेली आहे. एकत्र खोली घेताना आडनाव विचारले जाते, स्वयंपाकघरात शाकाहाराची भिंत उभी राहते. म्हणूनच ब्रॅन्डाइस विद्यापीठाला २०१९ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या राज्य विद्यापीठाला २०२२ मध्ये आणि सिॲटल शहराला २०२३ मध्ये आपल्या भेदभावविरोधी नियमांत जातीचा उल्लेख करावा लागला. ते नियम करून घेण्यात आपल्याच देशातून गेलेल्या दलित तरुणांचा पुढाकार होता. चळवळ समुद्र ओलांडू शकते, याची ही साक्ष आहे.

या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या दारातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात येमेन, इराक, सुदान अशा देशांचे विद्यार्थी पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन यांसाठी येत आले आहेत. त्यांच्या दृष्टीने परदेश म्हणजे आपले शहर. येमेनमध्ये २०१४-१५ पासून युद्ध पेटल्यावर घरून येणारा पैसा अडकला की त्यांनी काय करावे? घर भाड्याने मागताना वर्ण आणि धर्म पाहून दार लावले जाते, तेव्हा १९१७ सालचे बडोदे पुन्हा उभे राहते. बिडकीनच्या मुलाला लंडनमध्ये माणुसकीने वागविले जावे अशी अपेक्षा करणाऱ्या शहराने सानाहून आलेल्या मुलाला कसे वागविले, हे तपासलेच पाहिजे. नामांतरासाठी सोळा वर्षे झुंजलेल्या चळवळीच्या भूमीला ते शोभणारे आहे.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. परदेश शिष्यवृत्ती ही निधी उरला तर द्यावयाची देणगी नसून पात्र विद्यार्थ्याचा हक्क मानावा. निवड झालेल्या प्रत्येकास प्रस्थानापूर्वी पहिला हप्ता मिळावा. विषयांवरील बंधने रद्द करावीत. भूमिहीन शेतमजुरांच्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या मुलांसाठी स्वतंत्र जागा ठेवाव्यात, आणि त्यांचा खर्च जेथे जमीन गेली त्या प्रकल्पांच्या उत्पन्नातून उचलावा. शैक्षणिक कर्जाला शासनाने हमी द्यावी, म्हणजे शेतकऱ्याला जमीन विकावी लागणार नाही. विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांच्या निवासाची आणि आपत्कालीन साहाय्याची जबाबदारी स्वतः घ्यावी.

कार्यकर्त्यांसाठीही काम आहे. अर्ज, मुदती, कागदपत्रे आणि व्हिसाचे नियम यांची माहिती आज शहरातील एजंट पैसे घेऊन विकतात. ती बिडकीन, पैठण, पाचोड येथे फुकट मिळेल अशी केंद्रे आपण उभी करू शकतो. परत आलेल्यांना तेथे बोलवावे, त्यांनी शिकलेले गावासमोर मांडावे. ज्या परिसराने जवळजवळ आठ हजार एकर दिले, त्याच्या मुलांना कारखान्याच्या फाटकावर रखवालदाराची नोकरी आणि विमानतळावर रिकामे हात, एवढेच वाट्यास येता कामा नये.