पुरंदरच्या तहाने काय मिळविले?

इ. स. १६६५ च्या जून महिन्यात पुरंदरच्या पायथ्याशी शिवाजी महाराज आणि मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंह यांच्यामध्ये जो तह झाला, त्याविषयी आपल्याकडे दोन मते रूढ आहेत, आणि आमच्या मते ती दोन्ही सदोष आहेत. पहिले मत असे की, हा तह म्हणजे उघड उघड शरणागती होय. ज्या पुरुषाने अफझलखानास मारिले आणि लाल महालात शिरून शायिस्तेखानाची बोटे छाटली, त्याने एका रजपूत सेनापतीसमोर तेवीस किल्ले लिहून द्यावेत, हे त्याच्या चरित्रातील एक मलिन पान असून ते घाईने उलटून पुढे जावे हेच बरे. दुसरे मत भाविकांचे. त्यांच्या मते तहाची कलमे ठरली त्या क्षणीच आग्र्याची सुटका, सिंहगड आणि राज्याभिषेक ही सारी परंपरा महाराजांच्या मनश्चक्षूंपुढे उभी होती, आणि जयसिंह हे त्यांच्या पटावरील केवळ एक प्यादे होते. पहिल्या मताने तहाचे मोल हरवते, दुसऱ्याने तो पार पाडणाऱ्यांचे कष्ट हरवतात.

शरणागतीचा आरोप करणारांनी त्या उन्हाळ्यातील परिस्थिती नीट न्याहाळलेली दिसत नाही. मार्चच्या आरंभी पुण्यास दाखल झालेल्या जयसिंहाने फौजेच्या आधी आपले वकील कामास लावले होते. गोव्याचे फिरंगी, जंजिऱ्याचा सिद्दी, कर्नाटकातील जमीनदार या सर्वांकडे त्याची पत्रे गेली. जावळीच्या मोऱ्यांचे आप्त आणि अफझलखानाचा पुत्र फाझलखान यांस त्याने हाताशी धरले. विजापूरकरांस धाक आणि आशा दोन्ही दाखवून स्वस्थ बसविले. अशा रीतीने महाराजांचा एकेक संभाव्य मित्र आधीच तोडून मग त्याने पुरंदरास मोर्चे लाविले. एप्रिलच्या मध्यास पुरंदराचा जोडकिल्ला वज्रगड पडला, मुरारबाजी देशपांडे दिलेरखानाच्या फौजेवर तुटून पडून धारातीर्थी पडले, आणि तिकडे दाऊदखान कुरेशी राजगड-सिंहगडाच्या आसमंतातील गावे जाळीत सुटला. पुरंदरावर केवळ शिबंदी नव्हती. मराठी सरदारांची कुटुंबेही तेथे आश्रयास होती. गड लढून पडता, तर त्यांचे काय झाले असते हे सांगावयास नको. तहानंतर त्या गडावरून जी सुमारे ७००० माणसे सुखरूप खाली उतरली, त्यांत ४००० लढवय्ये होते. तेवीस किल्ल्यांचा हिशेब मांडणारांनी या चार हजारांचाही जमाखर्च मांडावा, कारण गड पुन्हा घेता येतो. गड घेणारी माणसे एकदा कापली गेली की दुसरी घडविण्यास एक पिढी जाते.

आता कलमे पाहू. चार लक्ष होनांच्या मुलुखासह २३ किल्ले गेले, एक लक्ष होनांच्या मुलुखासह १२ उरले. म्हणजे वसुलाचा चार पंचमांश भाग गेला, हे खरेच आहे आणि ते सौम्य शब्दांत सांगण्याचे कारण नाही. परंतु उरलेल्या बारांत राजगड होता, म्हणजे राज्याचे मस्तक धडावर राहिले. बादशाही मनसब आठ वर्षांच्या संभाजीराजांच्या नावे घेण्यात आली आणि महाराजांनी स्वतःस नित्याच्या दरबारी चाकरीतून सोडवून घेतले. शिवाय विजापूरकरांच्या कोकणातील आणि बालाघाटातील मुलुखावरील आपला हक्क त्यांनी औरंगजेब बादशहाकडून मान्य करविण्याची तजवीज केली, आणि त्याबद्दल ४० लक्ष होन तेरा वार्षिक हप्त्यांनी देण्याचे कबूल केले. जो पुरुष तेरा वर्षांच्या हप्त्यांची भाषा बोलतो, त्याने आपले राज्य संपले असे मानलेले नसते.

येथे भाविक पक्षासही उत्तर देणे प्राप्त आहे. जयसिंह प्यादे नव्हता. मराठे आणि विजापूरकर यांच्यात कायमचे वैर लावून दोघांस परस्परांपासून अलग ठेवावे, हा त्याचा हेतू त्याच्या पत्रव्यवहारात स्वच्छ दिसतो. वेळ दोघेही विकत घेत होते. पुढील घटनाही कोणाच्या आराखड्याप्रमाणे घडल्या नाहीत. विजापूरची स्वारी फसली, पन्हाळ्यावरील महाराजांचा हल्ला निष्फळ झाला, नेतोजी पालकर शत्रूस जाऊन मिळाले, आणि १६६६ च्या मे महिन्यात आग्र्यास गेलेले महाराज बादशाही कैदेत पडले. त्या कैदेत त्यांचा अंत होणे सर्वथा संभवनीय होते. तेव्हा सर्व काही आधीच ठरले होते असे म्हणणे म्हणजे त्या तीन महिन्यांतील त्यांचे धैर्य आणि पाठीमागे राज्य सांभाळणाऱ्यांची निष्ठा या दोहोंचा उपमर्द करणे होय. मुत्सद्देगिरीने मिळते ती उसंत. यश मिळत नाही.

तहाची खरी कसोटी आग्र्याहून परतल्यानंतरच्या तीन वर्षांत लागली. दुर्दैवाने आपल्या कीर्तनांत, पोवाड्यांत आणि क्रमिक पुस्तकांतही हीच वर्षे सर्वांत कमी ऐकू येतात. सुटून आलेला सिंह आल्याबरोबर झडप घालील अशी कोणाचीही अपेक्षा असती. महाराजांनी तसे केले नाही. दक्षिणेच्या सुभ्यावर आलेला शाहजादा मुअज्जम आणि जसवंतसिंह यांच्यामार्फत त्यांनी पुन्हा सलोखा जुळविला. संभाजीराजांस पाच हजारी मनसब मिळाली, वऱ्हाडात जहागीर मिळाली, बादशहाने 'राजा' हा किताबही मान्य केला. प्रतापराव गुजर आणि निराजी रावजी पथकांसह औरंगाबादेस तैनातीस गेले. म्हणजे स्वराज्याच्या घोडदळाचा एक भाग मोगली मुलुखाच्या वसुलावर पोसला जाऊ लागला. तिकडे बादशहास इराणच्या शहाकडून स्वारीची भीती आणि पाठोपाठ युसुफझाईंचा उठाव यांनी वायव्येकडे गुंतविले होते, त्यामुळे त्यालाही दक्षिणेतील शांतता नकोशी नव्हती.

या शांततेत मराठे स्वस्थ बसले होते काय? किल्ल्यांची डागडुजी झाली, गडांवर धान्य आणि दारूगोळा भरला गेला, मुलुखाचा बंदोबस्त आणि वसुलाची घडी बसविण्यात आली. १६६७ च्या नोव्हेंबरात मराठी फौज बारदेशात शिरली आणि त्यानंतर गोवेकरांशी तह झाला; पुढील वर्षी नार्व्याच्या सप्तकोटेश्वराच्या देवालयाचा जीर्णोद्धार झाला, त्याचा शिलालेख आजही तेथे वाचावयास मिळतो. १६६९ मध्ये जंजिऱ्यास वेढा पडला. मोगलांकडील बाजू शांत ठेवून पश्चिमेची आणि कोकणची बाजू आवळण्याचे हे धोरण इतके सुसंगत आहे की, त्यास योगायोग म्हणता येत नाही. रणांगणावरील एका दिवसाच्या शौर्यापेक्षा हे तीन वर्षांचे संयमन आम्हांस कमी थोर वाटत नाही.

कोणी नैतिक आक्षेप घेतील की, मनात युद्ध ठेवून तह करणे हा विश्वासघात आहे. परंतु वचन प्रथम कोणी मोडले? आग्र्यास महाराज गेले ते जयसिंहाच्या शपथेवर. तेथे त्याचा पुत्र रामसिंह त्यांच्यासाठी जामीन राहिला. तरीही पाहुण्याभोवती चौक्या बसल्या. दुसरा सलोखाही बादशहानेच नासविला. आग्र्याच्या प्रवासासाठी दिलेले एक लक्ष रुपये परत वसूल करण्यासाठी वऱ्हाडच्या जहागिरीवर जप्ती आली, आणि प्रतापराव व निराजीपंतांस पकडण्याचा हुकूम सुटल्याचे बखरकार सांगतात. पथके औरंगाबादेहून निघून आली, तेव्हा स्वराज्याची तयारी पुरी झालेली होती.

आजचा वाचक म्युनिचच्या कराराचा दाखला पुढे करील, आणि तो दाखला विचार करण्याजोगा आहे. १९३८ च्या सप्टेंबरात इंग्लंडचे पंतप्रधान चेंबरलेन यांनी वेळ मिळविला, आणि त्या वर्षभरात इंग्लंडची लढाऊ विमाने व किनाऱ्यावरील रडारची साखळी वाढली हे नाकारता येत नाही. पण त्या व्यवहारात किंमत म्हणून दिले ते चेकोस्लोव्हाकियाचे संरक्षण, म्हणजे परक्याचे राज्य. मार्च १९३९ मध्ये प्राग पडले, स्कोडाचे कारखाने हिटलरच्या हाती गेले आणि चेक रणगाडे पुढील वर्षी फ्रान्सवर चालून गेले. पुरंदरास महाराजांनी स्वतःचे दिले, आणि दिले तेही परत घेता येईल असे. मिळालेला वेळ शत्रूस अधिक उपयोगी पडतो की आपणास, एवढ्यावरच अशा तहाची परीक्षा व्हावयास हवी.

पुरंदरच्या तहाच्याच काळात देशाच्या दुसऱ्या टोकास आसामात अगदी असेच घडत होते, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. १६६३ मध्ये तेथील आहोम राज्यकर्त्यांनी मोगल सेनापती मीर जुमल्याशी अपमानकारक तह केला. हत्ती दिले, खंडणी दिली, राजकन्याही दिली. पण पुढील राजा चक्रध्वजसिंह याने चार वर्षे सैन्य उभारण्यात घालविली, १६६७ मध्ये लाचित बडफुकनने गुवाहाटी परत घेतली आणि १६७१ मध्ये सराईघाटावर बादशाही आरमार हटविले. त्या मोहिमेवरील बादशाही सेनापती होता तोच रामसिंह, जो आग्र्यास महाराजांसाठी जामीन राहिला होता.

इकडे ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतला, पुढील महिन्यात निळोपंत मुजुमदारांनी पुरंदर घेतला, आणि त्याच वर्षी लोहगड, माहुली यांवरील निशाणे बदलली. ऑक्टोबरात सुरत दुसऱ्यांदा लुटली गेली आणि परतीच्या वाटेवर वणी-दिंडोरीस दाऊदखान कुरेशीच्या फौजेस मराठ्यांनी उघड्या मैदानात तोंड दिले. १६६५ साली गावे जाळीत फिरणारा हाच तो दाऊदखान. दोन्ही प्रसंगांमधील अंतर भरून काढणारी वर्षे, त्या काळातील गडकरी, कारकून, वकील आणि अनामिक शिलेदार यांचे काम अजून एकत्र मांडले गेलेले नाही. आमच्या तरुण अभ्यासकांस आमची कळकळीची विनंती आहे की, त्यांनी एकदा सिंहगडाच्या कड्याकडे पाहणे थोडे बाजूस ठेवून १६६७ ते १६६९ या वर्षांची कागदपत्रे हाती घ्यावीत.