सरावातले मरण आणि अहवालातले मौन

२८ मार्च २०१४ रोजी आग्र्याहून सरावासाठी उडालेले भारतीय हवाई दलाचे ‘सुपर हर्क्युलस’ हे मालवाहू विमान ग्वाल्हेरच्या पश्चिमेस, राजस्थानच्या सीमेलगत कोसळले आणि त्यातील पाचही जण मृत्युमुखी पडले. विमान अपघात झाला की जुनाट यंत्रांकडे बोट दाखविण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे ती लागू पडत नव्हती. अमेरिकेकडून घेतलेल्या सहा विमानांपैकी हे एक होते आणि ही विमाने सेवेत येऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती. त्यांपैकीच एक विमान २०१३ च्या ऑगस्टमध्ये लडाखमधील दौलत बेग ओल्डीच्या, सोळा हजार फुटांहून उंच धावपट्टीवर उतरले होते.

मग घडले काय? दोन विमाने एकामागोमाग अगदी खालून उडत होती. उडत्या विमानाच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे सुटतात. विमान जितके जड आणि संथ, तितके ते प्रबळ. मागचे विमान पुढच्याच्या अशा भोवऱ्यांत सापडले, असा निष्कर्ष चौकशीतून निघाल्याचे वृत्त आले. उंचावर असता वैमानिकाला तोल सावरण्यास अवधी मिळतो; जमिनीपासून काहीशे फुटांवर तो मिळत नाही.

तेव्हा असे उड्डाण करावेच कशाला, हा प्रश्न स्वाभाविक असला तरी त्याचे उत्तर कठोर आहे. शत्रूच्या रडारला चुकवून सैनिक उतरवायचे तर खालूनच उडावे लागते, आणि शांततेच्या काळात जे गिरवले नाही ते युद्धात साधत नाही. सरावातून धोका वजा करता येत नाही. मात्र तो मोजता येतो. दोन विमानांत अंतर किती, उंचीचा फरक किती, वारा कोणत्या दिशेचा, हे नियम कागदावर असणे पुरेसे नाही. ते प्रत्येक उड्डाणात पाळले जातात की नाही, हे पाहणारी यंत्रणा हवी.

लष्करी अपघातांचे चौकशी अहवाल सहसा गोपनीयच राहतात. युद्धतंत्राचा तपशील झाकला जावा, हे मान्य. परंतु हवेचे भोवरे हे काही लष्करी गुपित नव्हे. चूक कोठे झाली आणि पुढे काय बदलले, एवढे तरी देशाला सांगितले पाहिजे. वैमानिकांच्या शौर्याचा गौरव करून उत्तरदायित्व संपत नाही. त्या पाच जणांच्या मरणातून निघालेला धडा कपाटात पडून राहिला, तर त्याची किंमत पुढच्या तुकडीला मोजावी लागेल.